कोरसमधली सुली

रेकॉर्ड विकायला आलेल्या माणसाच्या तोंडाकडे मी आधी पाहत नाही. रेकॉर्डच्या मधल्या भोकाकडे पाहतो. "दोनदाच वाजवलीय हो, तीही सत्यनारायणाला," असं समोरचा सांगत असतो आणि भोकाभोवतीच्या लेबलवर बारीक ओरखड्यांचं जाळं पडलेलं असतं. रेकॉर्ड प्लेअरवर ठेवताना मधला खिळा चटकन सापडत नाही, तबकडी जरा इकडेतिकडे घासते, त्याचे ते ओरखडे. जाळं दाट असेल तर ती रेकॉर्ड घरादारानं वर्षानुवर्षं वाजवलेली असते. मी मान डोलावतो, सत्यनारायणाला नमस्कार करतो आणि मनातल्या मनात निम्म्या भावावर येतो.

जुन्नरच्या पेठेत माझं दुकान आहे. आधी रेडिओ-टेप दुरुस्तीचं होतं. मग टेप गेले, कॅसेटी गेल्या, आणि लोक माळ्यावर टाकलेल्या रेकॉर्डी परत मागायला लागले. हे कसं झालं ते मलाही नीट कळलेलं नाही. तालुक्यातल्या आणि शेजारच्या आंबेगावातल्या घरांमधून मी जुन्या रेकॉर्डी आणतो, धुतो, वाजवून पाहतो आणि पुण्याच्या गिऱ्हाइकांना विकतो. वाकलेली रेकॉर्ड कुणी सरळ म्हणून खपवू नये, भजनाच्या कव्हरात लावणी आणि लावणीच्या कव्हरात भजन येऊ नये, एवढं पाहायचं. थोडक्यात, संशय घेणं हेच माझं काम. घरच्यांना त्याचा त्रास होतो. मी भाजीवाल्याचीही मेथी उलटीपालटी करतो.

आळ्याहून एक पावणं आले होते. परदेशी रॉकची एक गाजलेली रेकॉर्ड, कव्हरवर सीलबंद प्लास्टिक. म्हणाले, दुबईहून आणल्यापासून उघडलेलीच नाही. जुनं प्लास्टिक वर्षागणिक आवळत जातं आणि कव्हरचे कोपरे आत वळवतं. यांचं प्लास्टिक सैल आणि चकचकीत, मिठाईच्या खोक्यावरचं असतं तसं. मी म्हटलं, "उघडू का?" पावणं म्हणाले, "उघडल्यावर भाव जातो ना, राव." तरी उघडली. आत बालगीतं निघाली. पावण्यांना माझ्याइतकाच धक्का बसल्याचं त्यांनी छान दाखवलं.

दुसऱ्या एकानं मात्र मला फसवलं. वडील नाट्यसंगीताच्या एका रेकॉर्डवर ऑर्गनला होते असं सांगून त्यानं वडिलांची सही असलेली रेकॉर्ड मला दिली. सांगताना त्यानं डोळे पुसले आणि मी घासाघीस न करता पैसे मोजले. पुण्याच्या गिऱ्हाइकानं ती महिन्याच्या आत परत केली. सही जेल पेनची होती, आणि वडील वारले तेव्हा देशात जेल पेन आलेलं नव्हतं. तेव्हापासून "आमचे अमुक या रेकॉर्डवर आहेत" असं कुणी म्हटलं की माझे कान बंद आणि डोळे उघडे होतात.

हे सगळं आधी सांगितलं, कारण शकुंतलाबाई आल्या तेव्हा मी त्यांच्याशी असा का वागलो ते कळावं.

रविवारी सकाळी दुकानात आम्ही काहीजण बसतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतली एक रेकॉर्ड लावायची आणि तिच्यावर भांडायचं, एवढाच कार्यक्रम. तीच वर्षं का, असं नवखे विचारतात. तेव्हा कॅसेटीनं अजून बाजार खाल्ला नव्हता, स्टीरिओ घराघरात शिरत होता आणि कंपन्यांना काय चालेल याचा अंदाज येत नव्हता. म्हणून त्यांनी सगळंच काढलं. एकाच कंपनीनं एकाच वर्षात गझल, अभंग, कोळीगीतं, सतार आणि गिटार एकत्र, वर डिस्को. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले गेनूभाऊ कव्वालीवाले. त्या काळातली एक दोन बाजूंची सलग कव्वाली त्यांच्या मते जगातली शेवटची चांगली रेकॉर्ड आहे. कॉलेजातले मोरे सर परदेशी रॉक आणि जॅझवाले. ते कव्वाली ऐकताना घड्याळ बघतात. गेनूभाऊ रॉक ऐकताना बाहेर जाऊन तंबाखू मळतात. डिस्कोला दोघंही एकमुखानं शिव्या देतात, म्हणून ती मला आवडते.

अशा एका रविवारी शकुंतलाबाई दारात उभ्या राहिल्या. पासष्टी ओलांडलेल्या, पांढरी बारीक काठाची साडी, खांद्याला पर्स. घोडेगावच्या बाजूच्या एका गावात राहतात, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, एवढं त्यांनीच सांगितलं. आमच्या बैठकीचा एक व्हिडिओ मोबाइलवर फिरत होता, तो पाहून आल्या होत्या. दाराजवळच्या स्टुलावर बसल्या, डोळे मिटून ऐकलं आणि चहा न घेता गेल्या. पुढच्या रविवारी परत आल्या. त्याच्या पुढच्याही. विकत काहीच घेईनात.

मग एकदा नुकत्याच वाजलेल्या रेकॉर्डचं कव्हर हातात घेऊन त्यांनी विचारलं, "भाऊ, या कंपनीच्या याच एक-दोन वर्सांतल्या अजून हायेत का? बायकांचा कोरस असल्याल्या?"

माझे कान टवकारले. साधं गिऱ्हाईक गायकाचं नाव घेऊन विचारतं. कंपनी आणि साल धरून विचारणारा व्यापारी असतो. आणि त्याच आठवड्यात पुण्याहून एका अनोळखी माणसाचे मला दोन फोन आले होते. त्यालाही हीच कंपनी आणि हाच काळ हवा होता.

"बाई पुढं पाठवलीय त्यानं," मोरे सर बाई गेल्यावर म्हणाले. "तुमच्याकडे काय आहे ते बघायला."

गेनूभाऊंनी तर पुरावाच आणला. "मी नीट पाह्यलं. पर्समधून मोबाइल अर्धा भाईर काढून ठिवते. रेकॉर्ड करती ती बया, आपल्याला न सांगता."

पुढच्या रविवारी मी रेकॉर्ड लावली आणि गेनूभाऊ स्टुलाच्या मागे जाऊन उभे राहिले. कोरस सुरू झाला तसा पर्समधला मोबाइल वर आला. मी सुई उचलली.

"बाई, हे काय चाललंय?"

त्या दचकल्या, पण मोबाइल लपवला नाही. "माफ करा. विचारायला पायजे व्हतं. मला घरी जाऊन पुन्ना पुन्ना ऐकायचं व्हतं."

"कशासाठी?"

"या कोरसमदी मी हाय," त्या म्हणाल्या.

मोरे सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना जेल पेनची गोष्ट माहीत होती.

"पण माझं जाऊ द्या," शकुंतलाबाई पुढं म्हणाल्या. "मी सुलीला शोधतीय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शकुंतला आणि सुलोचना जुन्नरला एका शाळेत होत्या. सुलोचना जवळच्या गावातल्या शेतकरी घरातली, शकुंतला बौद्धवाड्यातली. दोघी शाळेच्या गायनस्पर्धांत जोडीनं गायच्या. गाण्याच्या मास्तरांचा भाऊ मुंबईत एका स्टुडिओत वाजवायला होता. अकरावी झाल्यावर त्यानं दोघींना कोरससाठी बोलावलं. शकुंतलाबाईंची मावशी परळला राहायची, तिच्या खोलीवर दोघी राहिल्या. दीडेक वर्ष हे चाललं. कोरसमधल्या बायकांची नावं कव्हरवर कुणी छापत नसे. मग सुलीचं लग्न ठरलं, ती बोरी बुद्रुकला गेली, तिला मुलगी झाली, आणि मुलगी लहान असतानाच काविळीनं ती गेली.

"मला दोन म्हयन्यांनी कळलं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी गेले बोरीला. सुलीची नणंद दारात आली. म्हनली, तुमच्यासारक्यांच्या संगतीनं ती मुंबईला गेली, आता पोरीला तरी सोडा. मी तशीच माघारी आले."

"आणि आता इतक्या वर्षांनी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच पोलिसासारखा वाटला.

"तुमचा व्हिडिओ पाह्यला. त्याच्यात सुलीचा आवाज आला. मला वाटलं, त्या पोरीनं आईचा आवाज कदी ऐकलाच नसंल."

गोष्ट चांगली होती. चांगल्या गोष्टींचाच मला जास्त संशय येतो. मी विचारलं, कोरसमध्ये सात-आठ बायका असतात, त्यात सुली कुठली हे कसं ओळखता? त्या म्हणाल्या, ओळ उचलायच्या आधी सुली श्वास घ्यायची तो ऐकू यायचा, बारीक शीळ घातल्यासारखा. साऊंडवाला तिला रागवायचा. मी पुन्हा सुई टेकवली, स्पीकरला कान लावला. श्वास होता. पण तो रेकॉर्डवर आहे म्हणजे कुणालाही ऐकून सांगता येईल. त्यानं काही सिद्ध होत नव्हतं.

म्हणून मी एक डाव टाकला. पुढच्या रविवारी सहा रेकॉर्डी काढल्या. कव्हरं आत ठेवली, लेबलांवर कागद चिकटवला. त्यातल्या काही त्या कंपनीच्या, काही दुसऱ्याच कंपनीच्या, एक चांगली पाच-सहा वर्षं नंतरची. शकुंतलाबाईंना म्हटलं, "सांगा, कुठं आहे तुमची मैत्रीण."

त्यांना माझा हेतू कळला. राग आला असणार, पण दाखवला नाही. स्टूल प्लेअरजवळ ओढून बसल्या.

पहिली वाजली. "न्हाई." दुसरी अभंगांची. जरा वेळानं बोट वर आलं. "ही. डावीकडच्या स्पीकरमदी." तिसरी न्हाई. चौथी कोळीगीतांची. बाई खूप वेळ ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता अडकल्या.

"इथं मी एकलीच हाय," त्या म्हणाल्या. "सुलीला ताप आलता. मावशीकडं झोपली व्हती."

पाचवी न्हाई. सहावी डिस्को होती, कव्हरवर चंदेरी कपड्यातली मुलगी असलेली. गेनूभाऊ तंबाखू मळायला उठले. दुसऱ्या बाजूच्या मधल्या गाण्यात कोरसचा एक "हेऽऽ" आहे. त्यात एक आवाज सगळ्यांच्या आधी शिरतो आणि मागून कुणीतरी दाबून हसल्यासारखं ऐकू येतं. तो मुद्दाम केलेला खेळ आहे, असं मी आजवर गिऱ्हाइकांना ऐटीत समजावत आलो होतो.

शकुंतलाबाई तिथं मोठ्यानं हसल्या. "घाई लई तिला! आदीच शिरली. मग आमाला दोघींना हसू आवरंना. म्युझिकवाला म्हनला, राहू द्या, मस्त वाटतंय."

त्या गेल्यावर मी दार लोटलं आणि कागद काढले. सुई जिच्यातून फिरते ती रेकॉर्डची शेवटची चर संपली की लेबलपर्यंत गुळगुळीत पट्टा असतो. तिथं कारखान्यात आकडे कोरलेले असतात, तिरपा उजेड पडला तरच दिसतात. अभंग, कोळीगीतं आणि डिस्को, तिन्हींचे आकडे एकमेकांच्या आसपासचे होते. म्हणजे तिन्ही रेकॉर्डी थोड्या दिवसांच्या अंतरानं तयार झालेल्या. बाईंनी नाकारलेल्या तिन्हींचे आकडे कुठल्या कुठं. मोरे सरांनी भिंग घेऊन ते माझ्यामागे पुन्हा वाचले.

"अजूनही योगायोग असू शकतो," ते म्हणाले.

"असू शकतो," मी म्हटलं. पण डिस्कोची रेकॉर्ड मी विक्रीच्या कप्प्यात परत ठेवली नाही. पुण्याच्या माणसाचा तिसरा फोन आला तेव्हा त्याला थेट विचारलं, तुम्ही कुण्या शकुंतलाबाईंना ओळखता का? तो गोंधळला. लग्नात गाणी वाजवणारा तरुण होता, त्याला जुन्या डिस्कोचे तुकडे नवीन गाण्यांत घालायचे होते. या प्रकरणात एवढंच काय ते त्याचं काम.

बोरीच्या देवळातला अँप्लिफायर मीच दुरुस्त करतो. तिथल्या ओळखीतून सुलीच्या मुलीचा नंबर मिळाला. मनीषा नाव. तिला बोरीतच दिलेली, नवरा-बायको मिळून शेती-औषधांचं दुकान चालवतात. शकुंतलाबाई म्हणाल्या, फोन तुम्हीच करा. मी केला. तुमच्या आईचा आवाज माझ्याकडे आहे, असं सरळ सांगून टाकलं.

पलीकडून आलं, "कोण बोलताय? आणि ओटीपी कधी मागणार?"

"अहो, मी जुन्नरचा रेकॉर्डवाला..."

"तेच तर. असले फोन लई येतात. आई जाऊन जमाना झाला माझी. मेलेल्या माणसाच्या नावावर तरी धंदा करू नका."

फोन बंद. आयुष्यभर मी लोकांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर कशी लागते, ते मला तेव्हा कळलं.

आठवड्यानं ती आपणहून आली. स्कूटी दुकानासमोर लावली, हेल्मेट हातातच ठेवलं, बसली नाही. देवळातल्या माणसाकडे चौकशी करून आली होती. शकुंतलाबाईंना मी आधी बोलावून ठेवलं नव्हतं. आमचं दोघांचं साटंलोटं आहे असं तिला वाटायला नको होतं. सगळी हकीकत मीच सांगितली. ती मध्येच म्हणाली, "मला आत्यानं वाढवलं. आत्या एकच सांगायची, तुझी आई मुंबईला राहून आलेली. पुढं काही विचारलं की उठून जायची. गावात मी काय काय ऐकलंय ते तुम्हाला सांगत नाही. आणि आता तुम्ही म्हणता ती भजनं गात होती."

"भजनंही," मी म्हटलं.

अभंग लावले. तिनं हात बांधून ऐकले. श्वास दाखवला, तो ऐकला. "हे कुणाचंही असेल," ती म्हणाली. मी म्हटलं, असेल. मग डिस्को लावली. तो "हेऽऽ" आला, एक आवाज आधी शिरला, मागचं दाबलेलं हसू आलं. मनीषानं हेल्मेट काउंटरवर ठेवलं.

"परत लावा."

मी लावलं.

"ही न्यायची झाली तर?"

"भजनाची न्या ना, घरात लावायला बरी," मी म्हटलं.

"भजनात ती भजनासारखी गाते. इथं ती मजेत आहे," मनीषा म्हणाली. मग स्वतःवरच चिडल्यासारखी, "ती असली तर." आणि पुढं म्हणाली, "घरी येऊन वाजवाल का? आत्यासमोर. त्या बाईंनाही आणा. आत्या खोटं पकडते."

गुरुवारी मी प्लेअर आणि छोटे स्पीकर गाडीत घातले, शकुंतलाबाईंना आळेफाट्यावर घेतलं आणि बोरीला गेलो. घर नवं, पुढं पत्र्याची शेड, आत सोफा. आत्याबाई, म्हणजे सुलीची तीच नणंद, आता मनीषाकडेच राहतात; ऐंशीच्या घरातल्या, कानानं जरा कमी. आतल्या खोलीत पलंगावर आडव्या होत्या. मनीषा म्हणाली, त्यांना काही सांगू नका, नुसतं लावा. माझ्यासारखाच स्वभाव, मला आवडलं. शकुंतलाबाई सोफ्याच्या कडेवर टेकल्या.

मी आवाज मोठा ठेवला. ढोलासारखे ठोके घरभर घुमले. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मग तो कोरस आला, आणि एक आवाज सगळ्यांच्या आधी शिरला.

आतून खाट कुरकुरली. आत्याबाई भिंतीचा आधार घेत दारात आल्या. त्यांनी ना माझ्याकडे पाहिलं, ना पाहुणीकडे. स्पीकरकडे बघत त्या म्हणाल्या, "सुली कवा आली?"

गाणं पुढं चालू राहिलं. आत्याबाईंना आपण काय बोलून गेलो ते उशिरा उमगलं असावं. त्या खाली बसल्या, तिथंच दारात.

मी जेवढे पुरावे गोळा केले होते, आकडे, कागद, श्वास, ते सगळे त्या तीन शब्दांपुढे फिके होते. या बाईला सुलीला ओळखून काही मिळणार नव्हतं. उलट इतकी वर्षं सांभाळलेलं काहीतरी हातातून जाणार होतं.

मनीषा त्यांच्यासमोर जाऊन बसली. "आत्या, तुला माहीत होतं? आई मुंबईला गायला गेली होती?"

"म्हाईत व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "लग्नात रेकॉर्ड बी आनली व्हती तिनं. मीच फोडली."

"आणि मला सगळ्यांनी काय काय ऐकवलं ते? तू ऐकत होतीस ना?"

"ऐकत व्हते."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

आत्याबाईंनी पहिल्यांदा शकुंतलाबाईंकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते मी सांगू शकत नाही. मग मनीषाकडे वळून, शेतात कुठलं पीक लावलं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "तू साळंत पयला नंबर काढला व्हतास गान्यात. मला मूल न्हाई, बाळ न्हाई. तू बी गेली असतीस."

एव्हाना पुढची गाणीही वाजून ती बाजू संपली होती. सुई शेवटच्या चरीत फिरत खरखरत होती. मी उठणार, तेवढ्यात मनीषाच उठली. डोळे पुसले नाहीत, नाक तेवढं ओढलं. प्लेअरपाशी येऊन उभी राहिली आणि मला विचारलं, "ते मधलं गाणं. सुई नेमकी कुठं ठेवायची?"

मी बोटानं चर दाखवली.